शीतपेटी आणि तिच्या चोरवाटा

द्रव्य मिळविण्यापेक्षां तें राखण्यास अधिक शहाणपण लागतें, असें आपलीं वडील माणसें सांगत आलीं आहेत. विजेला आणि थंडाव्याला हें वचन किती लागू पडतें याचा प्रत्यय, सोलर पॅनेलावर चालणारी शीतपेटी ज्यांनीं घरच्या घरीं तयार केली असेल, त्यांना हटकून आलेला असतो. पेटी तयार होते, पॅनेल छपरावर चढतें, कॉम्प्रेसर घुमूं लागतो. आणि तरीहि आंतला पारा कांहीं खालीं उतरत नाहीं. मग मनांत पहिला विचार येतो तो दुसरें पॅनेल विकत घेण्याचा. या महिन्यांत आम्ही वाचकांस असें सुचविणार आहों कीं, तो खर्च करण्यापूर्वीं विजेरी, उदबत्ती, तराजू आणि बर्फ या चार साध्या वस्तूंनीं पेटीची एकवार कसून परीक्षा करावी.

शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांच्या मधून भीमा वाहते. तिच्या उत्तरेकडील अंगाला, शिरूर तालुक्यांत, वडगांव रासाई आहे. पावसाचें मान बेताचें, पण नदीच्या पाण्यामुळें उसाचे मळे दूरवर पसरलेले, असा हा मुलूख. वैशाखांत येथें पारा चाळिशीला जाऊन भिडतो. गांवठाणांतील घरांपेक्षां मळ्यांतील वस्त्यांवर राहणाऱ्यांचे दिवस विजेच्या बाबतींत अधिक कठीण जातात. शेतीच्या पंपांना वीज पाळीपाळीनें, कधीं दिवसां तर कधीं रात्रीं, मिळत आली आहे. आणि वस्तीवरच्या घराला पुष्कळदां त्याच पाळीवर अवलंबून राहावें लागतें.

अशाच एका वस्तीवर आमच्या स्नेह्यांचें एकत्र कुटुंब राहतें. दोघे भाऊ, दोघी जावा, मुलेंबाळें आणि सर्वांत वडील अशा आजी, मिळून अकरा माणसें. आजींना मधुमेह असून रोज इन्सुलिन टोंचून घ्यावें लागतें. हें औषध मोठें नाजूक. न उघडलेली कुपी २ ते ८ अंश सेंटिग्रेड उष्णतामानांत ठेवावी लागते. उन्हाळ्यांत ती बाहेर राहिली तर औषधाचा गुण हळूहळू उतरतो, आणि फाजील थंडीनें गोठली तर औषध टाकूनच द्यावें लागतें. त्यांतून वाईट हें कीं, गुण उतरलेलें औषध पुष्कळदां डोळ्यांना चांगल्यासारखेंच दिसतें. बिघाड कळतो तो रोग्याच्या रक्तांतील साखर चढल्यावर. माठाच्या गारव्यानें थोडीफार सोय होते, पण माठ कांहीं ८ अंशांपर्यंत पोंचत नाहीं.

थोरल्या भावाचा मुलगा पुण्यास अभियांत्रिकीचें शिक्षण घेतो. सुटींत घरीं आला असतां त्यानें आजींसाठीं एक शीतपेटी तयार केली. प्लायवूडची दुहेरी पेटी, मध्यें ५ सेंटिमीटर जाडीचा थर्मोकोल, कपाटाप्रमाणें समोर उघडणारें दार, १२ व्होल्टचा लहानसा कॉम्प्रेसर, एक बॅटरी आणि छपरावर १०० वॉटचें पॅनेल. काम हौसेनें व नेटकेपणानें केलेलें होतें. तथापि ऐन उन्हाळ्यांत आंतला पारा १५ अंशांखालीं उतरेना. औषध दूरच्या नातलगांकडे ठेवून आठवड्याच्या आठवड्याला आणण्याची यातायात तशीच चालू राहिली, आणि घरांत दुसऱ्या पॅनेलचीं बोलणीं सुरू झालीं. तीं ऐकून आजी नातवाला म्हणाल्या, “अरे, रांजणच गळका असला तर आडावर आणखी एक बाई पाठवून काय होणार? आधीं भोंक कुठें आहे तें बघ.” आजींनीं पदार्थविज्ञान वाचलेलें नाहीं, पण या एका वाक्यांत त्याचें सार आलें आहे.

थंडी म्हणून कोणताहि पदार्थ सृष्टींत नाहीं. आहे ती उष्णता, आणि ती नेहमीं उष्ण जागेकडून थंड जागेकडे धांवत असते. कॉम्प्रेसर पेटींत थंडी ओतीत नाहीं. तो आंतली उष्णता उपसून बाहेर टाकतो. बाहेरची उष्णता मात्र अष्टौप्रहर आंत शिरण्याची वाट शोधीत असते. तिच्या वाटा तीन. घन पदार्थांतून ती झिरपत येते, तें वहन. वाहत्या हवेवर स्वार होऊन येते, तें अभिसरण. आणि ऊन किंवा तापलेली भिंत यांपासून किरणांच्या रूपानें थेट येते, तें प्रारण. उपसा आणि झिरपा यांची जेथें बरोबरी होते, तेथें पारा थांबतो. म्हणून पारा खालीं आणावयाचा तर एक उपसा वाढवावा, नाहीं तर झिरपा कमी करावा. पहिल्याला पैसा लागतो. दुसऱ्याला बहुधा चिकाटी पुरते.

नुसत्या राखण्यानें किती साधतें याचें एक उदाहरण इतिहासांत प्रसिद्ध आहे. इ. स. १८३३ सालीं फ्रेडरिक ट्यूडर या अमेरिकन व्यापाऱ्यानें बोस्टनहून कलकत्त्यास सुमारें १८० टन नैसर्गिक बर्फ जहाजानें पाठविला. चार महिन्यांचा प्रवास, त्यांत विषुववृत्त दोनदां ओलांडावयाचें. तरीहि सुमारें १०० टन बर्फ शाबूत उतरला. जहाजावर बर्फ राखणारें यंत्र कोणतेंच नव्हतें. फळ्यांच्या आड भरलेला चुरा, गवत आणि त्यांत अडकून पडलेली स्तब्ध हवा, एवढेंच काय तें साधन. पुढें मुंबईसहि असा बर्फ येऊं लागला. आपल्याकडील धाब्याच्या घरांच्या जाड मातीच्या भिंती आणि अंधारें माजघर यांच्या मुळाशीं हाच विचार आहे. थर्मोकोलचा गुणहि वस्तुतः त्यांतील असंख्य कप्प्यांत कोंडलेल्या हवेचाच गुण होय.

हा गुण आंकड्यांत मांडतां येतो. ५ सेंटिमीटर जाडीच्या थर्मोकोलच्या एका चौरस मीटरमधून, आंत ५ अंश आणि बाहेर ४० अंश असतां, सुमारें २६ वॉट उष्णता झिरपते. जाडी दुप्पट केली तर झिरपा निम्म्यावर येतो. म्हणजे भिंतींतून किती उष्णता यावी याचा अदमास घरबसल्या काढतां येतो. प्रत्यक्ष किती येते तें मोजलें, कीं दोहोंतील फरक हा चोरवाटांचा. आतां प्रश्न एवढाच कीं, उष्णता मोजावी कशी?

याचें उत्तर लाव्हाझिए आणि लाप्लास या दोन फ्रेंच पंडितांनीं इ. स. १७८२-८३ च्या हिंवाळ्यांत देऊन ठेविलें आहे. वितळणारा बर्फ आपलें उष्णतामान शून्य अंशावर कायम ठेवतो आणि मिळेल तितकी उष्णता वितळण्यांत खर्च करतो. तेव्हां वितळलेलें पाणी तोललें कीं उष्णता मोजली गेली. एक किलो बर्फ वितळण्यास जवळजवळ ९३ वॉट-तास उष्णता लागते. यावरून सोपें गणित निघतें : किती किलो पाणी झालें त्याला ९३ नीं गुणावें आणि जितके तास लागले त्यांनीं भागावें, येईल तितके वॉट उष्णता पेटींत शिरत आहे.

वस्तीवर आम्ही हा प्रयोग एका रात्रीं केला. कॉम्प्रेसर बंद ठेवून, चाळणींत १० किलो बर्फ आणि खालीं पातेलें अशी रचना पेटींत केली. पहिला तासभर पेटी निवूं दिली आणि तेवढ्यांत झालेलें पाणी फेंकून दिलें, कारण त्यांत पेटीच्या अंगची उष्णता असते. मग ९ वाजतां दार लावलें तें पहांटे ५ वाजतां उघडलें. बाहेर रात्रीचें सरासरी उष्णतामान २८ अंशांच्या सुमारास होतें. भिंतींच्या हिशोबानें ३० वॉट, म्हणजे आठ तासांत अडीच किलोच्या आसपास पाणी व्हावयास हवें होतें. भरलें तें ५ किलो, म्हणजे ५८ वॉट. जितकी उष्णता भिंतींतून झिरपत होती, जवळजवळ तितकीच दुसऱ्या कोठून तरी येत होती.

शोध सुरू झाला तो विजेरीपासून. दुसऱ्या रात्रीं खोलींत काळोख करून, पेटवलेली विजेरी आंत ठेवून दार लावलें. कडीच्या बाजूच्या खालच्या कोपऱ्यांत बोटभर लांबीची प्रकाशाची रेघ दिसली. बिजागऱ्या सैल होऊन दार किंचित् लोंबलें होतें, व त्यामुळें तेथील रबराची पट्टी चौकटीस टेकत नव्हती. तांब्याच्या नळ्या जेथून आंत जातात तेथेंहि एक चंद्रकोर उजळलेली दिसली. जेथें वळणाच्या फटींतून उजेड येत नाहीं, तेथें कागदाची चिठ्ठी कामास येते. दाराखालीं चिठ्ठी धरून दार लावावें व ती ओढून पाहावी. अडखळल्यावांचून निघून आली, तर पट्टी तेथें ढिली आहे असें समजावें.

त्यानंतर उदबत्ती. पंखे बंद करून आणि खिडक्या लावून ती फटींजवळ धरली असतां धूर फार बोलका होतो. थंड हवा जड असल्यामुळें ती पेटीच्या खालच्या फटींतून बाहेर सांडते आणि तिची जागा घेण्यास वरच्या फटींतून उष्ण हवा आंत शिरते. म्हणून खालीं धूर बाहेर लोटला जातो आणि वर आंत ओढला जातो. या पेटींत धूर सर्वांत जोरानें हलला तो कोणाच्या ध्यानांतहि नसलेल्या जागीं, म्हणजे तळाशीं पाणी जाण्यासाठीं ठेवलेल्या भोंकाशीं. तेथून थंड हवेची अखंड धार गळत होती. भोंक बुजविलें तर पाणी सांचतें, हें खरें; यासाठीं तेथें न्हाणीघराच्या मोरीस असते तशी वांकडी नळी बसविली. वळणांत पाणी उभें राहतें, जास्तीचें पाणी वाहून जातें आणि हवेची वाट मात्र बंद होते.

तिसरी चोरवाट डोळ्यांस दिसत नाहीं आणि धुरासहि कळत नाहीं. पेटी मजबूत व्हावी म्हणून आरपार चार लोखंडी बोल्ट ठोकले होते. लोखंड थर्मोकोलच्या हजारपटींहून अधिक उष्णता वाहून नेतें. ८ मिलिमीटर जाडीचा एकच बोल्ट, ५ सेंटिमीटरच्या भिंतींतून आरपार गेला असतां, हिशोबानें पावणेदोन वॉटपर्यंत उष्णता आंत आणूं शकतो. ही उष्णता २६ सेंटिमीटर लांबरुंद अशा चौकोनी थर्मोकोलच्या तुकड्याइतकी झाली. बोल्ट काढून फळ्या सरसानें जोडल्या. जेथें खिळा अपरिहार्यच असेल, तेथें तो निम्म्या जाडीपर्यंतच जावा. येथें एक सूचना केली पाहिजे. बोल्टाचें डोकें हाताला गार लागलें यावरून कांहींच सिद्ध होत नाहीं, कारण धातू लांकडापेक्षां नेहमींच गार लागतो. उष्णतामान दुरून दाखविणारें जें इन्फ्रारेड उपकरण बाजारांत मिळतें, तेंहि चकचकीत धातूवर फसतें. बोल्टावर काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावून मग त्याचा उपयोग करावा.

चौथा दोष तळाची फळी उचलल्यावर उघडकीस आला. तेथील थर्मोकोलच्या सांध्यांतून पाणी मुरलें होतें. स्तब्ध हवेपेक्षां पाणी वीसपटींहून अधिक उष्णतावाहक आहे. त्यामुळें ओलें आवरण हें नांवाचेंच आवरण होय. हें पाणी वरून सांडलेलें नव्हतें. बाहेरच्या हवेंतील वाफ फटींतून आंत शिरते आणि थंड थराशीं पोंचतांच तिचें पाणी होतें. यास उपाय असा कीं, प्लास्टिकचा अखंड कागद थर्मोकोलच्या बाहेरील, म्हणजे उष्ण, अंगास लावावा व त्याचे सांधे चिकटपट्टीनें बंद करावे. पुष्कळ लोक तो आंतल्या अंगास लावतात. तेणेंकरून वाफ थर्मोकोलमध्येंच अडकते.

पेटीच्या बाहेर फुटणारा घाम हाहि चांगला गुप्तहेर आहे, पण तो ऋतूप्रमाणें साक्ष देतो. श्रावणांत हवा दमट असल्यानें जेथें आवरण कमकुवत तेथें लगेच दंव जमतें. चैत्र-वैशाखांत देशावरची हवा इतकी कोरडी असते कीं, मोठी गळती असूनहि फळी कोरडीच राहते. तेव्हां उन्हाळ्यांत घाम आला नाहीं म्हणून निर्धास्त राहूं नये.

राहिली जागेची गोष्ट. पॅनेलाला ऊन हवें, पेटीला सांवली. दोघांची जागा एक असूं शकत नाहीं. ही पेटी पश्चिमेच्या ओसरीवर होती आणि मागल्या प्रहरीं तिच्या गडद रंगाच्या पाठीवर ऊन येई. शिवाय कॉम्प्रेसरनें बाहेर टाकलेली उष्णता मागील भिंतीशीं कोंडून पुन्हां पेटीसच तापवीत असे. पेटी माजघरांत हलविली, तिच्यामागें वीतभर मोकळी जागा ठेविली आणि पाठीला पांढरा रंग दिला.

फटी, भोंक, बोल्ट आणि ओला थर यांचा बंदोबस्त झाल्यावर बर्फाचा प्रयोग पुनः केला. त्याच आठ तासांत ३ किलो पाणी झालें. पुढें थर्मोकोलचा आणखी ५ सेंटिमीटरचा थर चढविल्यावर तें दोन किलोच्या आंत आलें. आतां जमाखर्च पाहावा. १०० वॉटचें पॅनेल आपल्याकडील निरभ्र दिवशीं सुमारें ४०० वॉट-तास वीज देतें, आणि असा लहान कॉम्प्रेसर तितक्या विजेंत तिच्या दीडपट, म्हणजे ६०० वॉट-तास उष्णता उपसतो असें धरूं. पूर्वीं दिवसाकाठीं जवळजवळ १४०० वॉट-तास उष्णता आंत येत होती. दुसरें पॅनेल घेऊनहि तोंडमिळवणी झाली नसती. आतां ती ६०० च्या आंत आली. पारा ६ अंशांवर स्थिर झाला, आणि आजींचें औषध घरांत आलें. खर्च झाला तो थर्मोकोल, रबराची पट्टी आणि प्लास्टिकचा कागद यांचा. दुसऱ्या पॅनेलाचा उपयोग मुळींच नाहीं असें आमचें म्हणणें नव्हे. पावसाळ्यांतील अभ्राच्छादित दिवसांसाठीं तें घेतल्यास बरेंच होईल. पण तें ढगांसाठीं घ्यावें, फटींसाठीं घेऊं नये.

कॉम्प्रेसराऐवजीं पेल्टिएच्या चकत्या वापरून केलेल्या पेट्या स्वस्तांत पडतात, म्हणून त्यांविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. विजेच्या प्रवाहानें सांध्याची एक बाजू थंड व दुसरी उष्ण होते, हा शोध पेल्टिए यानें इ. स. १८३४ त लाविला. यांत हलणारा भाग नाहीं, हा मोठा गुण. पण उपसा थोडा आणि वीज फार. शिवाय सूर्य मावळून प्रवाह थांबला, कीं तीच चकती व तिचे ॲल्युमिनियमचे पंखे उलट्या दिशेनें उष्णता आंत आणूं लागतात. दिवसां जो पहारेकरी, तोच रात्रीं चोर होतो. औषधासाठीं अशा पेटीवर विसंबूं नये.

सूर्याकडून थंडावा मिळविण्याची कल्पना आजची नाहीं. इ. स. १८७८ च्या पॅरिस येथील प्रदर्शनांत ऑग्युस्तँ मूशो यानें आरशांनीं सूर्यकिरण एकवटून त्या उष्णतेवर बर्फ तयार करून दाखविला होता. त्याच सालीं मुंबईस, हायकोर्टाचे डेप्युटी रजिस्ट्रार विल्यम ॲडम्स यांनीं उष्ण देशांत सूर्याची उष्णता जळणाऐवजीं वापरावी असें प्रतिपादन करणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. कुलाब्यास आपल्या बंगल्याच्या आवारांत आरशांच्या साह्यानें अडीच अश्वशक्तीचें वाफेचें यंत्रहि त्यांनीं चालवून दाखविलें. आज पुण्याची इकोझेन ही कंपनी शेतमालासाठीं सूर्यशक्तीवर चालणाऱ्या शीतखोल्या तयार करते. ऊन नसतांना उपयोगी पडावा म्हणून दिवसांचा थंडावा त्यांत सांठवून ठेवण्याची योजना असते. खेडोपाडीं लस राखण्यासाठीं बॅटरीवांचून चालणारे जे सौर रेफ्रिजरेटर निघाले आहेत, त्यांतहि दिवसां बर्फ जमवून रात्र काढतात. पण सांठा बर्फाचा असो वा विजेचा, तो पुरतो किती वेळ हें शेवटीं आवरणावरच ठरतें.

ज्यांच्या घरीं अशी पेटी आहे त्यांनीं कांहीं नियम पाळावे. पाण्याच्या बाटल्या दिवसां गोठवून रात्रीसाठीं आंत ठेवाव्या. मात्र औषधाची कुपी त्यांना किंवा थंड नळ्यांना टेकूं देऊं नये, तिला स्वतंत्र डबा असावा. उष्णतामापक कुपीशेजारींच ठेवावा. पारा मर्यादेबाहेर गेल्याचें आढळल्यास औषध वापरण्यापूर्वीं डॉक्टरांस विचारावें. एकत्र कुटुंबांत दार दहादां उघडलें जातें. म्हणून दूध-लोण्याची ने-आण दिवसांतून दोन ठराविक वेळीं एकाच हातानें व्हावी. चिठ्ठीची आणि उदबत्तीची परीक्षा महिन्यांतून एकदां, आणि बर्फाची परीक्षा उन्हाळ्याच्या तोंडीं व पावसाळ्याच्या अखेरीस करून तिचे आंकडे एका वहींत तारीखवार लिहून ठेवावे. आठ तासांत आपल्या घरच्या पेटींत किती पाणी झालें, तें आमच्या वाचकांनीं आम्हांस अवश्य कळवावें.